खारे पाणी आणि झाडांची वाढ: ठाणे-नवी मुंबईच्या बागांसाठी मोजणी, प्रयोग आणि उपाय

ऐरोली, घणसोली, वाशी, बेलापूर, कळवा, कोलशेत अशा खाडीलगतच्या भागांत अनेक गृहसंकुलांच्या बागा बोअरवेलच्या पाण्यावर जगतात. नळाचे पाणी पिण्यासाठी राखावे आणि बागेला बोअरवेलचे द्यावे, हा विचार योग्यच आहे. मात्र त्या पाण्यात मीठ किती आहे हे फार थोड्या ठिकाणी मोजले जाते. परिणामी दिवाळीच्या सुमारास लावलेली झाडे मार्च-एप्रिलपर्यंत कडेने करपू लागतात, हिरवळ ठिकठिकाणी बसते, आणि झाड उपाशी आहे असे समजून माळी खत वाढवतो. रासायनिक खत हेही शेवटी क्षारच असल्यामुळे झाडाची अवस्था आणखी बिघडते. पुढे पावसाळा येतो, सगळे हिरवे होते आणि मूळ प्रश्न पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो.

या प्रश्नाचा गाभा एका छोट्या हिशेबात आहे. समजा, पाण्यात लिटरला १ ग्रॅम मीठ आहे, म्हणजे जिभेला ते जेमतेम मचूळ लागेल. असे अर्धा लिटर पाणी एका कुंडीला रोज दिले आणि कुंडीच्या तळातून एक थेंबही बाहेर पडू दिला नाही, तर ३० दिवसांत त्या कुंडीत १५ ग्रॅम मीठ साठते. झाड पाणी शोषून घेते, ऊन पाणी उडवते, मीठ मात्र मातीतच राहते. म्हणून पाणी किती खारे आहे, या प्रश्नाहून मातीतले मीठ बाहेर पडायला वाट आहे की नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुढच्या सर्व पायऱ्या याच प्रश्नाभोवती रचल्या आहेत.

मीठ झाडाचे नेमके काय बिघडवते

उपाय करण्यापूर्वी इजा कशी होते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण इजा एक नसून तीन प्रकारची असते आणि तिन्हींचे उपाय वेगळे असतात.

पहिली इजा पाण्याच्या ओढीची. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावले की ती पाणी सोडते. मुळांच्या पेशींवरही खारट मातीत तोच ताण येतो. मुळांच्या आतील द्रवापेक्षा बाहेरचे पाणी अधिक खारट झाले की माती ओली असूनही मुळांना ते पाणी ओढून घेणे कठीण होते. बहुतेक पिके साधारण १५ बारपर्यंतच्या (बार हे दाबाचे एकक) ओढीविरुद्धच जमिनीतून पाणी घेऊ शकतात, आणि समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे मिठामुळे पाण्यावर येणारी ओढ, सुमारे २५ बार असतो. समुद्राच्या पाण्यावर भाजीपाला का जगत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मीठ वाढताच काही तासांत किंवा दिवसांत दिसू लागणारा परिणाम याच कारणाने होतो: नवी पाने लहान निघतात, पेरे आखूड राहतात, पानांचा रंग गडद निळसर हिरवा होतो. झाड आजारी दिसत नाही, ते केवळ वाढत नाही, आणि म्हणूनच ही अवस्था सहसा नजरेतून सुटते.

दुसरी इजा विषारीपणाची, आणि ती हळूहळू प्रकट होते. सोडियम आणि क्लोराइड हे आयन पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानांपर्यंत जातात. पाणी पानांतून उडून जाते आणि आयन तिथेच साठतात. जुन्या पानांनी अधिक काळ पाणी उडवलेले असते, त्यामुळे करपणे खालच्या, जुन्या पानांच्या टोकांपासून आणि कडांपासून सुरू होते. शिवाय सोडियम पोटॅशियमच्या जागी घुसतो आणि पोटॅशियमवर अवलंबून असलेली पेशींतील कामे अडतात. नवी पाने येण्याच्या वेगापेक्षा जुनी पाने मरण्याचा वेग वाढला की झाडाचा ऱ्हास सुरू होतो.

तिसरी इजा झाडाला नव्हे, मातीला होते. चिकणमातीचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, बारीक छिद्रे बुजतात, माती पावसात चिखलासारखी आणि उन्हात दगडासारखी होते. मग पाणी आत मुरत नाही आणि साठलेले मीठ धुऊन निघण्याची वाटच बंद होते. मला ही इजा सर्वांत गंभीर वाटते, कारण पहिल्या दोन इजा गोड्या पाण्याने भरून निघतात, पण गोडे पाणी आत शिरण्याचा मार्गच तिसरी इजा अडवते.

खाडीतील तिवर आणि कांदळ मात्र याच पाण्यात वाढतात. कांदळाची मुळे बहुतांश मीठ बाहेरच अडवतात, तर तिवराच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर खारटपणा कळतो. मिरचीला किंवा जास्वंदीला अशी कोणतीही सोय नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

पहिली पायरी: लक्षणे ओळखणे

सकाळच्या वेळी बागेत फिरून तीन गोष्टी पाहाव्यात. मातीच्या पृष्ठभागावर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरा थर आहे का. करपलेली पाने मुख्यतः जुनी आहेत का. आणि माती ओली असताना झाड मलूल दिसते का. तिन्हींचे उत्तर होय असेल तर मिठाचा संशय बळावतो.

मात्र केवळ लक्षणांवर निर्णय घेऊ नये. पालाशची कमतरता, खताची जास्त मात्रा आणि पाण्याचा ताण यांमुळेही कडा करपतात, आणि मुळे कुजली तरी ओल्या मातीत झाड मलूल होते. झाड हलकेच उपटून किंवा कुंडी सोडवून मुळे पाहावीत. ती काळी, मऊ आणि दुर्गंधी असतील तर दोष पाण्याच्या निचऱ्याचा आहे. ती पांढरट व घट्ट, पण आखूड आणि कमी फुटव्यांची असतील तर मोजणीकडे वळावे.

दुसरी पायरी: पाण्याची मोजणी

पाण्यातील क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात. तिचे एकक डेसीसायमन प्रति मीटर असून १ डेसीसायमन म्हणजे १००० मायक्रोसायमन प्रति सेंटीमीटर. १ डेसीसायमनच्या पाण्यात लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि वाहकता ५० डेसीसायमनच्या वर असते.

घरोघरी आरओ यंत्रासाठी वापरले जाणारे पेनासारखे टीडीएस मीटर या कामाला चालते. मात्र ते प्रत्यक्षात वाहकताच मोजते आणि आतल्या गुणकाने क्षारांचा आकडा दाखवते. बरीच स्वस्त यंत्रे ०.५ हा गुणक वापरतात, म्हणजे त्यांच्यावर ५०० आकडा आला की वाहकता १ डेसीसायमन समजावी. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात हा गुणक पाहून घ्यावा, नाहीतर सर्व हिशेब चुकत जातो.

बोअरवेलचा नमुना पंप सुरू केल्यावर लगेच घेऊ नये. दहा-पंधरा मिनिटे पाणी वाहू द्यावे, मग बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरावी. एकदा पंप सुरू झाल्यावर आणि एकदा दोन तासांच्या उपशानंतर, असे दोन नमुने घेतले तर आणखी एक गोष्ट कळते. किनाऱ्याजवळ गोडे भूजल खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते, असे एकसंध वाळूच्या थरासाठीचे गणित सांगते. आपल्याकडच्या भेगाळ बेसॉल्टमध्ये ते तंतोतंत लागू होत नाही, परंतु उपशाने पातळी थोडी खाली गेली तरी खारे पाणी बरेच वर सरकते, हा त्याचा अर्थ इथेही खरा आहे. दुसऱ्या नमुन्याचा आकडा पहिल्यापेक्षा स्पष्टपणे वाढला असेल तर एकाच वेळी खूप उपसा करण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा उपसा करणे हिताचे ठरते. मे अखेरीस ही मोजणी पुन्हा करावी, कारण वर्षातील सर्वांत खारे पाणी बहुधा त्याच सुमारास मिळते.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ०.७ डेसीसायमनपेक्षा कमी वाहकतेचे पाणी सिंचनाला निर्धोक असते, ०.७ ते ३ दरम्यान काळजीपूर्वक वापरावे लागते आणि ३ च्या पुढे गंभीर अडचण येते. पालिकेच्या नळाचे पाणीही त्याच यंत्राने मोजून ठेवावे. पुढे पाणी मिसळताना त्या आकड्याची गरज लागते.

तिसरी पायरी: सोडियमचा वेगळा हिशेब

टीडीएस मीटरला क्षार दिसतात, पण ते कोणते आहेत हे कळत नाही. ज्या संकुलांत कठीण पाणी मऊ करणारी यंत्रे बसवली आहेत तिथे ही उणीव महागात पडते. अशी यंत्रे पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतात. त्यामुळे मीटरवरचा आकडा जवळपास तेवढाच राहतो, परंतु मातीच्या दृष्टीने पाणी पूर्णपणे बदललेले असते.

यासाठी प्रयोगशाळेतून पाण्यातील सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावे. अहवालातील मिलिग्रॅमच्या आकड्यांपैकी सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने आणि मॅग्नेशियमला १२.२ ने भागावे. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या उत्तरांची बेरीज करून तिची निम्मी घ्यावी, त्या निम्म्याचे वर्गमूळ काढावे आणि सोडियमच्या उत्तराला त्या वर्गमुळाने भागावे. येणाऱ्या आकड्याला सोडियम अधिशोषण गुणोत्तर म्हणतात. ३ पेक्षा कमी गुणोत्तर सुरक्षित, ९ च्या पुढचे धोक्याचे.

एक उदाहरण घेऊ. सोडियम ९२, कॅल्शियम ८० आणि मॅग्नेशियम ४९ मिलिग्रॅम असेल तर भागाकार ४, ४ आणि ४ येतात, आणि गुणोत्तर २ ठरते, म्हणजे पाणी चांगले आहे. हेच पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून गेल्यावर कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून समजा ०.५ उरले आणि सोडियम ११.५ झाला, तर गुणोत्तर २३ होते. मीटरने दोन्ही पाण्यांना सारखेच गुण दिले असते. म्हणून बागेची नळजोडणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या आधीच्या वाहिनीवरून घ्यावी, आणि ते यंत्र धुताना बाहेर पडणारे तीव्र मिठाचे पाणी झाडांच्या आळ्यात किंवा बागेच्या चरात कधीही सोडू नये.

चौथी पायरी: मातीची मोजणी

पाण्यापेक्षा मातीचा आकडा अधिक निर्णायक असतो, कारण मुळे मातीत असतात. वाफ्याच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, पृष्ठभागावरचा पालापाचोळा बाजूला सारून, सुमारे १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र मिसळावी आणि सावलीत वाळवावी. ढेकळे फोडून ती चाळावी. २० ग्रॅम मातीत १०० मिलिलिटर आरओचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घालून बरणी अर्धा तास अधूनमधून हलवावी, गाळ बसू द्यावा आणि वरच्या निवळीची वाहकता मोजावी. आरओचे पाणी वापरले असेल तर त्याचा स्वतःचा आकडा उत्तरातून वजा करावा.

हा आकडा पातळ केलेल्या मातीचा असतो. मुळांना प्रत्यक्षात जाणवणाऱ्या खारटपणाचा अंदाज घेण्यासाठी चिकणमाती असल्यास त्याला ६ ते ८ ने आणि पोयटा असल्यास सुमारे १० ने गुणावे. उत्तर ४ डेसीसायमनच्या पुढे गेले तर माती क्षारयुक्त मानली जाते. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) हाही पाहावा, तो ८.५ च्या वर असेल तर सोडियमने मातीची घडण बिघडवली असल्याची शक्यता मोठी, आणि तेव्हा कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेचा सविस्तर अहवाल घेणे योग्य.

कुंड्यांच्या बाबतीत आणखी तीन ठिकाणी मीठ लपलेले असते. पहिले कोकोपीट: नारळाच्या काथ्यापासून बनणाऱ्या, न धुतलेल्या विटांत सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड भरपूर असू शकतात, म्हणून भिजवल्यावर पिळून निघणाऱ्या पाण्याची वाहकता मोजावी आणि ती नळाच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत कोकोपीट धुवावे. दुसरे संकुलातील ओल्या कचऱ्याचे खत, विशेषतः त्यात उरलेले शिजवलेले अन्न मोठ्या प्रमाणात गेले असेल तर. तिसरे स्वयंपाकघरातील पाणी. ताजी मासळी धुतलेले पाणी कढीपत्त्याला घालण्याची आपल्याकडची पद्धत निरुपद्रवी आहे. सुकी मासळी भिजवलेले पाणी मात्र खारवणीचे असते आणि ते कुंडीत जाता कामा नये.

पाचवी पायरी: मिठाचा परिणाम स्वतः पाहण्याचा प्रयोग

आकडे वाचून पटत नाही ते डोळ्यांनी पाहिल्यावर पटते, म्हणून संकुलाच्या बागसमितीने किंवा शाळेतील विद्यार्थ्यांनी हा प्रयोग एकदा तरी करावा असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी मूग आणि मेथी पुरेशी आहेत.

आरओच्या पाण्यात खडे मीठ विरघळवून पाच द्रावणे करावीत: लिटरला ०, १, २.५, ५ आणि १० ग्रॅम. मीठ चमच्याने न घेता वजनकाट्यावर तोलावे, कारण चमचाभर बारीक आणि चमचाभर जाड मिठाच्या वजनात बराच फरक पडतो. लिटरला १ ग्रॅम मीठ असलेल्या द्रावणाची वाहकता सुमारे २ डेसीसायमन येते. ती मीटरने ताडून पाहावी, म्हणजे मीटरचीही परीक्षा होते.

झाकणाच्या उथळ डब्यांत टिपकागदाच्या दोन घड्या घालून प्रत्येकात एकसारखे, न फुटलेले २० दाणे मांडावेत. प्रत्येक द्रावणासाठी तीन डबे ठेवावेत. एकच डबा ठेवला तर एखाद्या डब्यातील खराब बियांमुळे संपूर्ण निष्कर्ष चुकू शकतो. कागद भिजेल इतकेच द्रावण घालावे, दाणे बुडू नयेत. डबे झाकून सावलीत ठेवावेत. झाकण महत्त्वाचे आहे, कारण पाणी उडाले तर द्रावण तीव्र होत जाते आणि १ ग्रॅमचा डबा चौथ्या दिवशी १ ग्रॅमचा राहत नाही. रोज एकाच वेळी मोड आलेले दाणे मोजावेत आणि सातव्या दिवशी प्रत्येक डब्यातील मुळांची व कोंबांची लांबी पट्टीने मोजून सरासरी काढावी.

साधारणपणे असे आढळते की १ ग्रॅमच्या द्रावणात मोड येण्याच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. मध्यम द्रावणांत मोड येतात, पण उशिरा येतात आणि मुळे आखूड राहतात. १० ग्रॅममध्ये बरेच दाणे फुगूनही मोड काढत नाहीत. मोड आले म्हणजे पाणी चालते, असा निष्कर्ष काढू नये. बी स्वतःच्या साठ्यावर उगवते, मुळांची लांबी मात्र पुढच्या आयुष्याचा अंदाज देते.

यानंतरची कृती प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. १० ग्रॅमच्या डब्यात न उगवलेले दाणे गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुऊन नव्या ओल्या कागदावर ठेवावेत. त्यांतील अनेक दाणे काही दिवसांत उगवतात, म्हणजे ते मेले नव्हते, त्यांना पाणी घेता येत नव्हते. जे उगवत नाहीत त्यांना मिठाने कायमची इजा केलेली असते. वर सांगितलेल्या पहिल्या दोन इजांमधील भेद इथे प्रत्यक्ष दिसतो.

दुसरा भाग कुंड्यांचा आहे. एकाच आकाराच्या चार कुंड्यांत एकाच वयाची मिरचीची रोपे लावावीत. दोन कुंड्यांच्या तळाची छिद्रे उघडी ठेवावीत आणि दोन कुंड्यांची बंद करावीत. प्रत्येक जोडीतील एका कुंडीला गोडे आणि दुसरीला लिटरला १ ग्रॅम मिठाचे पाणी द्यावे. उघड्या छिद्रांच्या कुंड्यांना प्रत्येक वेळी थोडे पाणी तळातून वाहीपर्यंत द्यावे. बंद कुंड्यांना माती ओलसर राहील इतकेच. दोन महिन्यांत जुन्या पानांच्या कडा, पानांची संख्या आणि अखेरीस मातीची वाहकता यांची तुलना करावी. बंद कुंडीला गोडे पाणी मिळाले तरी निचऱ्याअभावी तिथले रोप खुंटू शकते, म्हणून ती तुलनेसाठी हवीच. तिच्याशिवाय मिठाचा आणि तुंबलेल्या पाण्याचा परिणाम वेगळा करता येत नाही.

सहावी पायरी: साठलेले मीठ धुणे

मीठ नष्ट करणारे औषध नाही. ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली नेणे हाच मार्ग आहे. कुंडी धुण्यासाठी तिच्या आकारमानाच्या सुमारे दुप्पट गोडे पाणी घ्यावे आणि ते एकदम न ओतता टप्प्याटप्प्याने, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने द्यावे, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतील मीठ विरघळायला वेळ मिळतो. तळातून येणाऱ्या पाण्याची वाहकता दर टप्प्याला मोजावी. ती घटायची थांबली की धुणे पुरे झाले. ताटलीत जमलेले पाणी लगेच फेकावे, नाहीतर तेच मीठ पुन्हा वर चढते. या धुण्यात नत्रही वाहून जाते, म्हणून आठवड्याभराने कंपोस्टची हलकी मात्रा द्यावी.

वाफ्यांसाठीचे गणित मोठे आहे. निचरा चांगला असलेल्या जमिनीत जितक्या खोलीची माती धुवायची तितक्याच उंचीचे पाणी तीमधून गेले तर विद्राव्य क्षारांपैकी सुमारे ८० टक्के निघून जातात. ३० सेंटीमीटर खोलीसाठी हे चौरस मीटरला ३०० लिटर होते, आणि एप्रिलमध्ये इतके गोडे पाणी बागेला देणे आपल्या भागात समर्थनीय नाही. उलट ठाण्यात पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे अडीच हजार लिटर गोडे पाणी. काम आपले इतकेच की त्याला आत शिरू द्यावे आणि खालून निघू द्यावे. मे महिन्यात वाफ्यांची माती सैल करावी, कडेचे चर उपसावेत, आणि गच्चीच्या छताखालच्या किंवा बाल्कनीतल्या कुंड्या जून-जुलैत काही दिवस उघड्या पावसात ठेवाव्यात. छताखालच्या कुंड्या वर्षानुवर्षे एकदाही धुतल्या जात नाहीत, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मातीचा सामू ८.५ च्या वर असेल आणि अहवालात सोडियम जास्त आढळला असेल, तरच जिप्सम वापरावे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम हटवतो आणि तो पुढे पावसाने धुऊन जावा लागतो. चौरस मीटरला अर्धा किलो ही सुरुवातीची माफक मात्रा असून ती मे अखेरीस वरच्या १० ते १५ सेंटीमीटर मातीत मिसळावी. केवळ खारट, पण सामू साधारण असलेल्या मातीत जिप्सम घालणे म्हणजे आणखी एक क्षार घालणे होय.

सातवी पायरी: रोजचे पाणी देण्याची रीत

दोन पाणी मिसळल्यावर वाहकता प्रमाणानुसार येते. बोअरवेलचे पाणी ३.२ आणि नळाचे ०.२ डेसीसायमन असेल, तर १ भाग बोअरवेल आणि ३ भाग नळ मिसळून सुमारे ०.९५ येते, आणि ते बहुतेक शोभेच्या झाडांना काळजीपूर्वक देता येते. नळाचे पाणी मर्यादित असेल तर ते रोपे, फुलावर आलेली झाडे आणि कुंड्या यांना द्यावे, आणि मोठ्या, मुरलेल्या झाडांना बोअरवेलचे द्यावे.

प्रत्येक वेळी मुळांच्या गरजेपेक्षा थोडे जास्त पाणी द्यावे, म्हणजे मीठ खाली सरकत राहते. हे 'थोडे जास्त' किती, याचे सूत्र असे: पिकाला सहन होणाऱ्या मातीच्या वाहकतेची पाचपट करावी, तीतून पाण्याची वाहकता वजा करावी आणि पाण्याच्या वाहकतेला या उत्तराने भागावे. टोमॅटोला २.५ सहन होते असे धरले आणि पाणी १.२ चे असेल, तर १.२ ला ११.३ ने भागून सुमारे ११ टक्के येतात. पाणी २.५ चे असेल तर तेच प्रमाण २५ टक्क्यांवर जाते. रोज थोडे थोडे शिंपडण्याची सवय म्हणूनच घातक आहे. तिने फक्त वरचा थर ओला होतो आणि मीठ मुळांच्या जागीच बसते.

खारट पाणी पानांवर उडवू नये, कारण पानेही मीठ शोषतात. सोडियम लिटरला ७० किंवा क्लोराइड १०० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर तुषार सिंचनाने संवेदनशील झाडांची पाने करपू शकतात. ठिबक सिंचन चांगले, पण त्यात मीठ ओल्या भागाच्या कडेला गोळा होते, आणि जूनच्या पहिल्या हलक्या सरीने ते पुन्हा मुळांकडे ढकलले जाते. म्हणून पहिला पाऊस पडला की ठिबक लगेच बंद करू नये; जोरदार पाऊस होईपर्यंत ते चालू ठेवावे. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, कारण बाष्पीभवन कमी झाले की मीठ वर येण्याचे प्रमाणही कमी होते.

नवी मुंबईच्या बऱ्याच भागांत मूळ खाजणावर मुरूम टाकून जमीन तयार केली आहे. अशा ठिकाणी खालचे खारे पाणी उन्हाळ्यात मातीच्या बारीक छिद्रांतून, केशाकर्षणाने, वर चढते आणि वरून कितीही गोडे पाणी दिले तरी ते पुरत नाही. तिथे ३० ते ४५ सेंटीमीटर उंचीचे वाफे, त्यांच्या तळाशी खडीचा थर आणि कडेने चर, हा उपाय करावा.

आठवी पायरी: झाडांची निवड

१९७७ मध्ये मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिकांच्या सहनशक्तीचे जे कोष्टक मांडले, त्यात प्रत्येक पिकासाठी दोन आकडे आहेत: मातीची किती वाहकता होईपर्यंत उत्पादन घटत नाही, आणि त्यापुढे दर डेसीसायमनला किती टक्के घटते. घेवड्याचे आकडे १ आणि १९ टक्के, मुळ्याचे १.२ आणि १३, कांद्याचे १.२ आणि १६, मिरचीचे १.५ आणि १४, टोमॅटोचे २.५ आणि सुमारे १०, भाताचे ३ आणि १२, तर बीटचे ४ आणि ९ आहेत. यावरून मातीची वाहकता ४ असेल तर मिरचीचे उत्पादन सुमारे ३५ टक्के घटेल आणि बीटचे घटणार नाही, असा अंदाज बांधता येतो. आपला देशी पालक बीटच्याच कुळातील आहे, त्यामुळे खारट मातीत भाजीपाला लावायचा तर सुरुवात त्याने करावी. घोळीची भाजीही मीठ बरीच सहन करते, आणि खाडीकाठी मिळणारी मोरस तर खारट जमिनीतच वाढते.

मोठ्या झाडांत नारळ, उंडी, करंज, पारोसा भेंडी, सुरू, चिकू, बोर आणि खजूर, आणि शोभेच्या झाडांत कण्हेर व बोगनवेल यांच्यावर भर द्यावा. आंबा आणि गुलाब खारट मातीत लावण्याचा हट्ट धरू नये.

या बाबतीत खारेपाटातील, म्हणजे कोकणच्या खाडीकाठच्या खारजमिनींच्या पट्ट्यातील, शेतकऱ्यांचे ज्ञान आपल्या बागांपेक्षा फार पुढे आहे. बांधबंदिस्ती करून भरतीचे पाणी अडवणे, उघाडीतून, म्हणजे बांधातील झडपेच्या दारातून, पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणे, जमीन पावसाने धुतली गेल्यावरच लावणी करणे आणि थोडी जास्त वयाची रोपे लावणे, हे सर्व त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. भात रोपावस्थेत आणि फुलोऱ्याच्या वेळी मिठाला विशेष नाजूक असतो, हे शास्त्रही त्या वेळापत्रकाला दुजोरा देते. काळा रता आणि भुरा रता हे इथले जुने खारसहिष्णू भात आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला असून पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ या भाताच्या खारसहिष्णू जाती तिथे विकसित झाल्या. ज्यांच्याकडे गावी खारजमीन आहे त्यांनी लावणीपूर्वी या केंद्राचा सल्ला घ्यावा.

नववी पायरी: वर्षातून दोनदा नोंद

मे अखेरीस आणि ऑक्टोबरच्या मध्यास, त्याच जागांवरून आणि त्याच खोलीवरून माती घेऊन चौथ्या पायरीप्रमाणे मोजावी. आकडे, पाण्याची वाहकता आणि करपलेली झाडे एका वहीत लिहावीत. ती वही माळ्याच्या हाती असावी आणि माळी बदलला तरी बागेतच राहावी. ऑक्टोबरचा आकडा मेच्या आकड्यापेक्षा बराच खाली आला असेल, तर पावसाने आपले काम केले आहे आणि हिवाळ्यातील लागवड निर्धास्तपणे करावी. एवढ्या पावसानंतरही तो खाली आला नसेल, तर पाणी मातीत शिरत नाही किंवा खालून निघत नाही. अशा वेळी नवी रोपे आणण्याआधी वाफ्यात हातभर खोल खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच साचलेले दिसले, तर सोडियमची तपासणी आणि चरांची दुरुस्ती ही दोन कामे लागवडीच्या आधी उरकावीत.